कोरं टाकलंस तरी येईन

धाराशिव,
२७ ऑक्टोबर १९६१

तीर्थरूप अण्णांना शामलेचा साष्टांग नमस्कार.

आधी बसा. स्वतःच्याच अक्षरातला पत्ता पाहून तुमच्या छातीत धस्स झालं असणार, आणि आईनं तुमची पिशवीही भरायला घेतली असेल. तिला थांबवा. पत्र कोरं नाही. उलट इतकं गिचमीड भरलंय की चष्मा शोधावा लागेल. इकडे सर्व क्षेम आहे, आणि हे वाक्य मी रिवाज म्हणून लिहिलेलं नाही.

वैशाखात मला सासरच्या एस.टी.त बसवताना तुम्ही हे अंतर्देशीय पत्र हातात कोंबलं होतंत, वर परंड्याचा पत्ता घालून. "मन रमलं नाही तर लिहीत बसू नकोस. कोरं टाकलंस तरी येईन." पोरांनी कोरा पेपर दिला तर छडी मारणारे मास्तर तुम्ही, आणि लेकीला मात्र सूट! तेव्हा मी हसले नाही, कारण तुमच्यावर रागावले होते. सगळं गाव म्हणत होतं की मास्तरांनी पोरगी दारूगोळ्याच्या घरात दिली. मलाही तसंच वाटत होतं. तुमचं पत्र ट्रंकेत तसंच पडून होतं. कागद वाया जाऊ नये म्हणून आज वापरते आहे. कडा फाटलेल्या दिसतील, त्याकडे लक्ष देऊ नका.

इथलं घर चांगलं आहे. पुढच्या खोलीत मामंजींचं परवान्याचं दुकान. पीक राखायला ज्यांना सरकारनं बंदूक बाळगू दिली आहे ते शेतकरी रिकामी काडतुसं घेऊन येतात आणि भरलेली नेतात. भरायचं यंत्र शिकारीच्या नादानं एका जहागीरदारानं परदेशातून आणवलं होतं. पोलीस अ‍ॅक्शननंतर तो हैदराबादेकडं गेला आणि यंत्र मामंजींकडं आलं. दांडा ओढला की काडतुसांचं चाक एक घर पुढं सरकतं. एका घरात बुडाला टोपी बसते, पुढच्यात दारू पडते, मग छर्रे. टोपी म्हणजे हरभऱ्याच्या डाळीएवढी पितळी वाटी, पण बंदुकीचा घोडा पडला की पहिली ठिणगी तिचीच. या टोप्या एका उभ्या नळीत एकावर एक रचलेल्या असतात आणि दर ओढीला खालची एक निसटते.

मी नवी नवरी म्हणून पाया पडले तेव्हा मामंजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला तीनच बोटं लागली. पुष्कळ वर्षांपूर्वी नळीत टोप्या अडल्या आणि त्यांनी वरून सळईनं दाबल्या, तर त्या हातातच उडाल्या. दाबलेली टोपी सळई आणि बोट यांत फरक करत नाही. तेव्हापासून, अण्णा, मी रोज जेवण वाढताना ह्यांची बोटं बघत असे. हे मनानं लोण्यासारखे, पण हाताला धीर नाही. "सांभाळून करा" म्हटलं की "तू आत जा" एवढंच उत्तर.

दसऱ्यानंतर यंत्र बिघडलं. दोन काडतुसं नीट यायची, तिसरं बिनटोपीचं. कधी टोपी आडवी होऊन यायची आणि दांडा अर्ध्यावरच अडायचा. मामंजींनी टोप्यांची नवी डबी फोडून पाहिली. तेच. मग खालची सरकपट्टी काढून कोरड्या फडक्यानं पुसली, तिची स्प्रिंग बदलली. तरी तेच. ह्यांनी तेलाची बाटली उचलली तर मामंजी ओरडले, "तेलानं टोपी मरती, ठेव ती!" दोघांचं बोलणंच बंद झालं. आणि नेमकी भुईमुगाच्या काढणीची वेळ, बाहेर गिऱ्हाईक ताटकळत.

परवा सकाळी मामंजी परवान्याच्या कामाला कचेरीत गेले होते. बेंबळीचे गुंडाप्पा आले. त्यांनी ह्यांना नको ते सुनावलं. "डुकरांनी अर्धं रान उकरलं. तुमी यंत्र पुजत बसा, आमी काय शेंगांची टरफलं इकावी?" ह्यांचा चेहरा उतरला. मी आत जाऊन मोरीवर धुणं घेतलं. त्यात नळीच्या तोंडाशी फिरवलेलं एक पिवळट फडकं होतं. मला वाटलं पितळेचा डाग असेल. साबण लावला आणि ते लालभडक झालं.

पितळ असं लाल होत नाही. साबणानं लाल होते ती हळद. हे आईनं मला पहिल्या हळदीकुंकवाचं लुगडं धुताना शिकवलं होतं.

मी ओल्या हातांनी दुकानाच्या दाराशी धावले. ह्यांनी नळीत सळई घातली होती आणि दुसऱ्या हातात हातोडी होती. परक्या माणसासमोर सुनेनं दुकानात बोलायचं नसतं. मी बोलले. "थांबा. टोप्यांचा दोष नाही. आत हळद गेली आहे, आणि हळद एकटी जात नाही."

आता ओरडतील असं वाटलं. पेनातली शाई अडली की तुम्ही ते झटकू द्यायचा नाहीत. "आधी उघड, बघ, मग हात लाव." तेच मला ह्यांना सांगायचं होतं. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं, गुंडाप्पांकडं पाहिलं. मग हातोडी खाली ठेवली, सळई हळूच बाहेर काढली आणि म्हणाले, "सांग, काय करू?"

अण्णा, त्या एका प्रश्नासाठी मी तुमची जन्मभर ऋणी आहे. असं विचारणारा माणूस तुम्ही माझ्यासाठी शोधलात.

माझ्या मागे आत्याबाई, ह्यांच्या आई, उभ्या होत्या, चौकट घट्ट धरून. "म्याच टाकल्या," त्या ह्यांना म्हणाल्या. "खंडेनवमीला तुझे वडील त्येला नुसतं फूल वाहत्यात, कुक्कू लावू देत न्हाईत. दुपारच्याला दुकान बंद व्हतं, तवा म्या हळदीच्या अक्षता वाहिल्या. दिवा नेला न्हाई, तेवढं कळतं मला. म्हनलं, बाबा यंत्रा, नवऱ्याची बोटं घेतलीस, आता पोराला सोड." आणि लहान मुलासारख्या रडायला लागल्या. माझी भीती या घरात माझ्याआधीपासून राहत होती, हे मला तेव्हा कळलं.

सुपात मऊ फडकं घातलं. ह्यांनी नळी सोडवून हलकेच उलटी केली. टोप्या घरंगळल्या. रिकाम्या नळीत मी खालून केरसुणीची काडी घातली, तर तांदळाच्या दोन अक्षता निघाल्या, एक अर्धी तुटलेली. नळी कोरड्या काडीनं पुसली, पुन्हा भरली, आणि दांडा ओढला. प्रत्येक काडतुसाला टोपी. गुंडाप्पा स्वतःच खाली बसून मोजायला लागले आणि मध्येच विसरून हसायला लागले.

मामंजी परतले तेव्हा आत्याबाई तोंड लपवत होत्या. त्यांनी ह्यांच्याकडून सगळं ऐकून घेतलं. त्या दोन अक्षता उचलल्या आणि माझ्या डोक्यावर ठेवल्या. तीच तीन बोटं. या वेळी मला ती कमी वाटली नाहीत.

आता कडांचं सांगते, नाहीतर तुम्ही तिथेच अडकून राहाल. गुंडाप्पा आले त्याच सकाळी, ह्यांची बोटं जातील या धास्तीनं, मी हे पत्र चिकटवून अंगणातच त्यांच्याकडं दिलं होतं, स्टँडाजवळच्या पेटीत टाकायला. कोरं. यंत्र चालू झाल्यावर मी धावत जाऊन त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून परत मागितलं. ते चक्रावले. "काय लिवायचं ऱ्हायलं का, पोरी?" मी म्हटलं, "व्हय मामा, सगळंच ऱ्हायलं." घाईघाईनं सोडवलं, म्हणून फाटलं.

दिवाळसणाला न्यायला या. ह्यांनाही घेऊन येऊ. भाऊबीज झाली की आम्हाला परतीच्या गाडीत बसवून द्या, आणि मी खिडकीशी रडले तरी लक्ष देऊ नका. आईला, शेजारच्या कडूबाईला नमस्कार.

कागद संपला. पत्ता घातलेलं दुसरं पत्र देऊ नका, अण्णा. आता लागायचं नाही.

तुम्ही जिथं दिलीत तिथली,
शामला