तिठ्यावरचा आरसा

२ जून, सोमवार

आले एकदाची पेणला! नाशिकहून निघताना आईने असा चेहरा केला होता, की मी नोकरीला नाही, सीमेवर चालले आहे असं बघणाऱ्याला वाटलं असतं. इथे मात्र सगळं झकास आहे. रामवाडीत वत्सलाकाकूंच्या घराची वरची खोली मिळाली. खिडकीतून शेजारचा गणपतीचा कारखाना दिसतो. रंग न लागलेले पांढरे गणपती ओळीने वाळत बसलेले असतात आणि सकाळी डोळे उघडले की पहिलं दर्शन त्यांचंच. काकूंनी आल्या आल्या पोह्याचे पापड भाजून दिले आणि म्हणाल्या, “ये गो बाय, आपलंच घर हाय, लाजू नको.” मी कसली लाजते! चार पापड खाल्ले.

काम मनासारखं आहे. पेण ते रोहा पट्ट्यात अपघात कुठे होतात, का होतात आणि जखमी माणसाचं पहिल्या तासात काय होतं, याचा आमची संस्था अभ्यास करते. रस्त्यातला दोष शोधून तो दुरुस्त करायचा, हे माझ्याकडे. जखमींकडे बघायचं ते निशिगंधाकडे. निशिगंधा म्हणजे काकूंची सून. ती नर्स आहे आणि संस्थेची रुग्णवाहिका घेऊन रोज पेण-रोहा करते. नवरा हर्षद रोह्याला कंपनीत शिफ्टला असतो. हसरी आहे, गोड आहे. आमचं छान जमेल.

१० जून, मंगळवार

आज चिंचेचा तिठा पाहिला. पेणच्या बाहेर, रोह्याकडे जाताना डाव्या हाताला गावातला रस्ता चढून वर येतो आणि तोंडाशीच एक अवाढव्य चिंच आहे. झाडामुळे गावातून येणाऱ्याला मोठा रस्ता दिसत नाही आणि मोठ्या रस्त्यावरच्याला तो दिसत नाही. समोर ढाब्यापाशी ट्रक उभे, मागे दिवे नाहीत. दुचाकीवर तिघं, हेल्मेट हँडलला अडकवलेलं. आमच्या सगळ्या यादीत सर्वांत जास्त माणसं इथेच पडली आहेत.

चिंचेखाली केळीची पानं, सुकलेला भात, कुंकू लावलेली लिंबं पडलेली होती. आजूबाजूच्या वाड्यांतले लोक दृष्ट काढली की उतारा इथेच आणून टाकतात. तिठाच तो, दुसरीकडे कुठे टाकणार! टाकायचा आणि मागे वळून न बघता घरी यायचं. आमच्याकडेही हेच. लहानपणी मी मुद्दाम वळून बघायचे आणि आईचा धपाटा खायचे.

निशिगंधाने इथल्या रिक्षावाल्यांना, ढाब्यावरच्या पोरांना, हमरापूरच्या मूर्ती नेणाऱ्या टेम्पोवाल्यांना शिकवून तयार केलं आहे. जखमीला पाणी पाजायचं नाही, हातपाय धरून उचलायचं नाही, मान हलू द्यायची नाही, पोलिसांच्या भीतीने पळून जायचं नाही. त्यांना ‘अपघातमित्र’ म्हणतात. गाडी जाताना सगळे तिला हात करतात. मी शेजारी बसले होते. मला कुणी हात केला नाही. नवीन आहे ना मी.

२४ जून, मंगळवार

तिठ्यावर गतिरोधक झाले, पट्टे मारले, ट्रक हलवले. झाड तोडायला गाव तयार नाही, म्हणून बहिर्गोल आरसा लावला. चांगला परातीएवढा आहे. दोन्हीकडची वाहनं त्यात दिसतात.

कुठल्या खांबावर लावायचा यावरून थोडं वाजलं. निशिगंधा म्हणाली, की चिंचेसमोरच्या खांबावर नको, पलीकडच्या बाजूला लाव. उतारा टाकून माणूस परत फिरतो तेव्हा हा खांब नेमका त्याच्या समोर येतो. वळून बघायचं नसतं आणि इथे तर न वळताच मागचं सगळं दिसेल. लोकांना ते आवडणार नाही.

पलीकडच्या खांबावरूनही काम भागलं असतं. मला ते माहीत होतं. पण सगळ्यांसमोर तिने सांगितलं, रुग्णवाहिकेचे ड्रायव्हर गोपाळदादा “वहिनी बोलतात ते बरोबर हाय” म्हणून मोकळे झाले, आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, हे तांत्रिक काम आहे. आरसा माझ्या खांबावर लागला.

१२ जुलै, शनिवार

आरसा लावल्यापासून तिठ्यावर एकही अपघात नाही!

आज त्याबद्दल तहसील कचेरीत सत्कार झाला. निशिगंधाचा. शाल, श्रीफळ, पेपरात फोटो. भाषणात ‘अभ्यासपूर्ण रस्ता सुधारणा’ असे तीन शब्द आले, तेवढाच माझा वाटा. अरे, जखमीच झालं नाही कुणी, तर वाचवलं कुणाला तिने? रस्ता मी दुरुस्त केला आणि टाळ्या तिला! तिने स्टेजवरून माझं नाव घेतलं, मला वर बोलावलं. तेही मला बोचलं. एवढं मोठं मन दाखवायची काय गरज होती?

मी जळते आहे. लिहूनच टाकते. मला तिची साडी आवडली, तिचं हसणं आवडत नाही. हर्षद तिच्यासाठी मोगरा घेऊन आला होता. रात्रपाळीहून झोप न घेता आला. माझ्यासाठी कोण येतं?

ऑफिसात आदेशला पुण्याच्या परिषदेला पाठवणार आहेत. म्हणे तो बोलतो छान. आकडे माझे, बोलणार तो. आणि अपघातमित्र म्हणून पहिलं प्रमाणपत्र मिळालेला तो सखा रिक्षावाला, तोसुद्धा आता कॉलर ताठ करून फिरतो. सगळ्यांचं बरं चाललं आहे.

२४ जुलै, गुरुवार. दिव्यांची अवस

निशिगंधाला सत्कारापासून बरं नाही. ताप येतो, जातो. अन्न नको होतं. रिपोर्ट सगळे चांगले. तिन्हीसांजेला काकूंनी तिची दृष्ट काढली. मीठ, मोहरी, मिरच्या निखाऱ्यावर टाकल्या. घरभर धूर झाला आणि कुणालाच ठसका लागला नाही. काकूंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, “लय जबर हाय दिष्ट. जवळच्या माणसाची हाय.”

मी दिव्यांची वात सारखी करत होते. वर बघितलं नाही.

मग काकूंनी दहीभात ओवाळून पानावर घेतला, वर कुंकू, लिंबू. हर्षद कामावर, काकूंचे गुडघे दुखतात, म्हणून मला म्हणाल्या, की स्कूटी आहे तर तेवढं तिठ्यावर ठेवून ये. नाही कसं म्हणणार?

म्हणजे माझीच जळफळ मी पानावर घेऊन निघाले. मला हसू आलं. चिंचेखाली पान ठेवलं, फिरले आणि समोर माझा आरसा. नवाकोरा, लखलखीत.

मागचं सगळं दिसलं. चिंच, पान आणि पानाशी उकिडवी बसलेली एक बाई. भात खात होती.

गावातली कुणी गरीब असेल, म्हणून मी वळले. तिथे कुणी नव्हतं. पान जसंच्या तसं होतं. पुन्हा आरशात बघितलं, तर ती खायची थांबली होती आणि आरशातून माझ्याकडे बघत होती.

२६ जुलै, शनिवार

निशिगंधाचा ताप उतरला. हसत कामावर गेली. काकू माझ्या हाताला यश आहे म्हणाल्या.

जाता-येता तिठा लागतोच. आज बाई आरशात चिंचेखाली उभी होती. अंगात केशरी जाकीट, आम्ही रस्त्यावर काम करताना घालतो तसं. त्या आरशात सगळं बारकं दिसतं, चेहरा काही कळत नाही. मी डोळे तपासून घेणार आहे.

२९ जुलै, मंगळवार

सखाची रिक्षा तिठ्यावर उलटली. बरगड्या मोडल्या. जीव वाचला तो निशिगंधामुळे, पहिल्या तासात इस्पितळात पोचवला. मी बघायला गेले तर म्हणाला, की आरशात रस्त्याच्या मधोमध बाई दिसली म्हणून कचकन ब्रेक दाबला, आणि रस्त्यावर तर कुणीच नाही. मग म्हणाला, “मॅडम, मला वाटलं तुम्हीच हाव. जाकीट तुमचंच व्हतं.”

मी त्याला शहाळं देऊन आले. गेले पंधरा दिवस त्याची कॉलर मला खुपत होती. हे त्याला माहीत नाही.

१ ऑगस्ट, शुक्रवार

आदेश. तिठ्यावरच. मोटरसायकलवरून पडला, मांडीचं हाड मोडलं. परिषदेला आता मला जायला सांगितलं आहे.

त्यालाही बाई दिसली. फोनवर हसत हसत म्हणाला, हुबेहूब तू.

फोन ठेवल्यावर पहिल्यांदा मला आनंद झाला. अगदी क्षणभर. मग मी ही वही उलटून मागची पानं वाचली.

सखा, आदेश. तिसरं नाव मला माहीत आहे. ती रोज दोनदा तिथून जाते.

२ ऑगस्ट, शनिवार

आरसा काढायला सांगितला. साहेब हसले. आज माझाही फोटो आला आहे पेपरात, आरशाखाली उभी असलेली. खाली ‘तरुण अभियंतीची कल्पकता’. पहिल्यांदाच माझं नाव, एकटीचं. आता तो काढायचा तर कारण लिहून द्या म्हणाले. काय लिहू?

मी कात्रण कापून ठेवलं. का ठेवलं?

आज फोटो नीट बघितला. आरशात रस्ता दिसतो. त्यात केशरी ठिपका आहे. चिंचेपासून खूप पुढे आलेला.

४ ऑगस्ट, सोमवार

सकाळपासून स्वतःला समजावते आहे, की निशिगंधाबद्दल चांगलं चिंतायचं. चांगली आहे ती. खरंच चांगली आहे. मग तिचा मोगरा आठवतो.

तिठ्यावर गेले. ती आता आरशात मोठी दिसते. चेहरा कळतो —

माझाच आहे. पण मी अशी हसत नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार. सकाळ

निशिगंधाला सगळं सांगितलं. पान, आरसा, सखा, आदेश. दृष्ट माझी होती, हेही सांगितलं. आता ती ओरडेल, घराबाहेर काढेल म्हणून मान खाली घालून बसले. तिने माझा हात धरला. म्हणाली, की मला कळलं होतं गो, तू दिव्याशी बसलीस तेव्हाच. कोण कुणावर जळत नाही? आज रोह्याहून परत येताना गोपाळदादांना घेऊन तिठ्यावर थांबते, पाना आणते, आपण दोघी मिळून आरसा पलीकडच्या खांबावर लावू. कुणाला सांगायचं नाही. नाव तुझंच राहील.

नको म्हटलं. तिथे तू येऊ नकोस, गावातून वळसा घालून जा. तर हसली. एवढी माणसं तिथे पडली, मी नाय जायचं तर कोण जाणार, म्हणाली.

माफसुद्धा किती सहज केलं. मला जमलं नसतं. तेही तिलाच —

नको. हे लिहायचं नाही.

दुपार. तिठा

तिच्या आधी येऊन थांबले आहे. स्कूटीवर बसून लिहिते आहे. हात चालू असला की डोकं थाऱ्यावर राहतं. दगड आणला होता आरसा फोडायला. उचलला. काचेकडे बघून माझं नाव छापलेलं कात्रण आठवलं. दगड खाली ठेवला. दोघी मिळून करूच की —

आरशात बघितलं. चिंच आहे. रस्ता आहे. स्कूटी आहे.

ती नाही. बरं झालं. गेली.

मी पण नाही. स्कूटी रिकामी दिसते आहे —

सायरन नाही, पण गाडी ओळखू आली. रुग्णवाहिका. आरशात दिसते आहे, वळणापलीकडून येते आहे. पुढे गोपाळदादा, शेजारी ती. केसांत मोगरा. भर दुपारी.

बाई रस्त्यावर आहे. आरशात नाही, खऱ्या रस्त्यावर. मधोमध. माझ्याकडे पाठ.

निशिगंधाने मला बघितलं. हात करते आहे. मला.

तिला ती अजून दिसत नाही. ऐनवेळी दिसली की गोपाळदादा सखासारखा कचकन ब्रेक दाबतील. मीच दिसते आहे. मी हात वर केला तर गोपाळदादा आत्तापासून वेग कमी करतील, अजून अंतर आहे. नुसता हात वर करायचा आहे. त्यासाठी पेन खाली ठेवावं लागेल. ठेवतेच. ठेवते आहे. फक्त एवढं वाक्य