गोपिकेच्या नावापुढे

मी, अरुंधती केशव पांढरीपांडे, वय एकसष्ट, राहणार धंतोली, नागपूर, पडद्यावरची मोहनमाला, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वहस्ते लिहिते. मी शुद्धीवर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. गोंधळलेली आहे, पण त्याचा दाखला कोणी मागितला नाही.

यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात घर गोपिकेला दिले होते आणि साक्षीदार म्हणून सहीही तिचीच घेतली होती. वकील मधुकररावांनी कपाळावर हात मारला. "बाई, जिले द्यायचं तिचीच साक्ष? आता तिले फुटकी कवडी मिळत नाही." मला काय ठाऊक! अठ्ठावीस वर्षे माझे सगळे पाहणारी तीच. दुसरे नाव सुचलेच नाही.

कलम १. राहते घर सामानासह गोपिका रुपराव भोयर, मूळ राहणार सावनेर, हिला द्यावे. नाते: ~~मोलकरीण~~ ~~मानलेली बहीण~~

नाते लिहा, असे मधुकररावांचे म्हणणे. नाहीतर माझा भाचा रवींद्र कोर्टात जाईल, नोकराणीने म्हातारीला भुलवले म्हणेल आणि तिला रस्त्यावर काढील. १९५१ साली ती सिनेमा कंपनीत माझे केस विंचरायला आली हे खरे, पण पगार घेणे तिने दोन वर्षांत सोडले. आणि बहीण चार दिवस माहेरी गेली म्हणून कोणी जेवण टाकत नाही. मी टाकते. मग हे काय आहे?

कलम २. माझे मंगळसूत्र रवींद्रला द्यावे. आम्हा दोघींविषयी कुजबूज सुरू झाली तेव्हा कंपनीच्या मालकांनी ते घडवून घेतले आणि आफ्रिकेत नोकरीला असलेला श्रीधर नावाचा नवरा वर्तमानपत्रात छापून आणला. असा कोणी नव्हता. रवींद्रला या काकांचा फार अभिमान आहे, म्हणून वस्तू त्याच्याकडेच शोभेल.

कलम ३. हे कलम कशाचे, मलाच कळत नाही. १९६८ च्या संक्रांतीला हळदीकुंकवात शेजारणींनी नाव घ्यायला लावले. श्रीधरचा उखाणा पाठ होता. तोंड उघडले आणि निघाले:

संत्र्याची फोड सोलते, बिया काढते चार,
गोपिकेचं नाव घेते, ओलांडते दार.

बायका हसून हसून बेजार. सिनेमावाल्यांची थट्टा! गोपिका हसली नाही. सगळ्या गेल्यावर म्हणाली, "असं काहून बोलल्या तुम्ही?" चाळीस चित्रपटांत संवाद चुकले नाहीत, ते तेव्हाच का चुकले? मी वाणाची ताटे आवरायला घेतली. आम्ही तो विषय पुन्हा काढला नाही.

आत्ता हे लिहिता लिहिता तिलाच विचारले, नावापुढे काय लिहू? ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अकरा वर्षं झाली, मी वाट पाहून राहिली का तुम्ही पुन्हा नाव कधी घ्याल. अन् आता मलेच पुसता?"

मधुकरराव, कलम १ मधली खाडाखोड तशीच राहू द्या. नात्याच्या जागी कलम ३ मधला उखाणा धरावा. तो चुकून निघाला नव्हता. माझे तिच्यावर प्रेम आहे. न्यायाधीशांना मोठ्याने वाचायला सांगा.

अरुंधती केशव पांढरीपांडे
नागपूर, दि. ९ ऑक्टोबर १९७९

आमच्यादेखत सही केली:
१. चंद्रभान लक्ष्मण ढोबळे, शेजारी
२. शामला देवराव काळमेघ, शिक्षिका

गोपिका स्वयंपाकघरात आहे. तिची सही घेतलेली नाही.