बंबाचं पाणी

तीर्थपुरी, मार्गशीर्ष वद्य ५, शके १८५८

ती. मच्छिंद्रदादांस तुळजाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

ह्यांचं डावं अंग दिवाळीत लुळं पडलं ते तसंच हाय. वैद्यबुवांनी रोज निर्गुडीच्या पाल्यानं कढत आंघोळ घालायला सांगितली. पण आपला तांब्याचा बंब तापतच न्हाई. भारा भारा पऱ्हाट्या जाळल्या तरी पाणी कोमटच. ह्यांना माझे हाल बघवत न्हाईत, आंघोळच नको म्हणून राह्यले. झाकण काढून पाहिलं तर आत चुन्यासारखा पांढरा थर बसलाय. तुम्ही जिनिंगचा बॉयलर सांभाळता, मंग बहिणीच्या बंबाचंही बघा की! वहिनींस नमस्कार. लोभ पातळ होऊ देऊ नये.

तुमची तुळजा

जालना, मार्गशीर्ष वद्य १०

चि. सौ. तुळजास मच्छिंद्रचे अनेक आशीर्वाद.

तुमच्या विहिरीचं पाणी मचूळ, त्याचाच तो क्षार. आमच्या बॉयलरलाही बसतो. थर जाड झाला की आच पाण्यापर्यंत पोचत न्हाई. दोन शेर चिंच कोळून बंबात उकळ, दिवसभर तसंच राहू दे. मंग याकूब कल्हईवाल्याकडून लाकडी दांड्यानं खरवडून घे. लोखंड बिलकुल लावू देऊ नको, तांबं फाटेल. पुंजारामदाजींना म्हणावं, मेहुण्यानं आता तुमच्या न्हाणीत नोकरी धरली. माया आहेच, ती जपावी.

तुझा दादा

तीर्थपुरी, पौष शुद्ध ८

ती. दादांस सा. न.

बंब साफ झाला. याकूबभाईनं टोपलंभर खपल्या काढल्या. मूठभर पऱ्हाट्यांत पाणी उकळलं. हे चौरंगावर बसून हसले, म्हणाले, मेहुणा कामाचा निघाला. वाफ बघून मीही हरखले. ह्या बंबाच्या पाण्यात गार पाण्याचं विसण घालायची सवयच न्हाई राहिली. तांब्या भरून डाव्या पायावर ओतला. हे बोलतच होते. त्या पायाला कळलंच न्हाई. पाला चोळायला हात लावला, तर कातडं हाताला आलं.

जखम चिघळलीय, ताप उतरत न्हाई. लोकांना हे सांगतात, मीच ओतून घेतलं. दादा, जल्दी या.

तुळजा

जालना, माघ शुद्ध १

चि. तुळजास आशीर्वाद.

'सौ.' लिहायला हात गेल्ता, तो आवरला. तुझं पत्र उशिरा मिळालं. दहाव्याला आल्तो तेव्हा तुझ्यापुढं तोंड उघडलं न्हाई, म्हणून आता लिहितो. बॉयलर खरवडला की निम्म्या आचेत भागतं, हे मला बराबर माहीत होतं. मी तांब्याची काळजी केली. पाणी आता चटका देईल, एवढी एक ओळ लिहायची राहिली. दोष माझा हाय. बैलगाडी पाठवतो, इकडं राहायला ये.

अभागी दादा

तीर्थपुरी, माघ शुद्ध ६

ती. दादांस नमस्कार.

गाडी पाठवू नका. वर्षश्राद्ध होईतो घर बंद करवत न्हाई. तुम्ही म्हणता दोष तुमचा. परवा याकूबभाई ओट्यावर बसून रडला, म्हणाला त्याचा. पण तांब्या माझ्याच हातात होता.

एक गोष्ट तुम्हाला सांगितली न्हाई. शेवटच्या दिवशी हे म्हणाले, पाय गार पडलेत, थोडं गरम पाणी घाल. चुलीवर पाणी तापवलं. विसण घातलं, कोपर बुडवून बघितलं, भीती वाटली, पुन्हा विसण घातलं. असं किती येळा केलं न्हाई आठवत. शेवटी पार थंड झालेलं पाणी त्यांच्या धड पायावर घातलं. हे माझ्याकडं बघून म्हणाले, आता बराबर हाय.

तुमची
तुळजा