बापाच्या रानातली टकटक

सोमवार, ४ ऑगस्ट

पोचले एकदाची. लवंगांचा वास आला आणि मी शाळकरी मुलीसारखी हसले. उभा जन्म राजधानीत सिस्टरांच्या शाळेत शिकवण्यात गेला; आता बापाच्या रानात आयआयसाठी अभयारण्य करायचं. रात्री जागणारं हे माकडासारखं काळं लेमूर आपलं काडीसारखं मधलं बोट खोडावर वाजवून आतला किडा ऐकतं आणि त्याच बोटाने उकरून काढतं. लहानपणी ती टकटक ऐकत मला झोप लागायची.

रान माझं नि धाकट्या भावाचं, झाफित्साराचं. त्याला ते तोडून व्हॅनिला लावायचाय. तरी हसून म्हणाला, ताई, तू पाहुणी, आधी भात खा, भांडू उद्या. भावजय नोरोसुआने भाताच्या खरपुडीचं गरम पाणी दिलं. आईसुद्धा अस्संच करायची.

वेशीवर मात्र एक आयआय मारून खांबाला टांगलेलं होतं. अजून तेच चाललंय. आयआय दिसणं म्हणजे मरण; ते मारून वाटेवर टांगायचं, परकं माणूस खालून गेलं की मरण त्याच्या पाठी लागतं.

बुधवार

नोरोसुआच्या तोंडून निघून गेलं. ते झाफित्सारानेच मारलं होतं, मी यायच्या दिवशी सकाळी. इतकी वर्षं बाहेर राहिलेलं माणूस परकंच की, असं तो म्हणाला होता.

मी ते उतरवलं. आईने माझ्या मरणासाठी विणून ठेवलेल्या रेशमी शालीत गुंडाळून घरच्या थडग्यात आईशेजारी ठेवलं. घरची शाल ज्याला मिळाली तो घरचा. झाफित्सारा पांढराफटक पडला. म्हणाला, ताई, काय केलंस, आता ते रक्ताचं झालं, त्याचा खून आता घरच्यांनीच फेडायचा. मी म्हणाले, मग फेड की.

शांत झोपले.

शुक्रवार

भर दुपारी टकटक. घरात. झाफित्साराच्या पलंगाच्या खुरात.

नोरोसुआ पोरांना घेऊन माहेरी गेली. म्हणाली, माझं थडगं माझ्या बापाच्या गावी, या घराचं देणं मला लागत नाही. पोरं? पोरांना मामा आपल्या घरची शाल देईल, असं म्हणाली.

झाफित्साराने माझे पाय धरले. आईची शपथ घेऊन रान सोडलं. फक्त ती शाल परत काढ म्हणाला. मी हो म्हणाले.

काढली नाही. तो खांब डोळ्यांपुढून जात नव्हता.

रविवार

झाफित्सारा उठला नाही. छातीवर एकच भोक, काडी जाईल एवढं. रक्त नाही.

जपमाळ घेतली. शब्द आठवेनात. लहानपणी मीच त्याला पाठुंगळी घेऊन नदीवर—

सोमवार

थांबलेलं नाही. माझ्या भिंतीत आहे. मी सांगितलं, मी मारलं नाही, मी तर शाल दिली. जरा थांबलं. पुन्हा सुरू.

दारात जाऊन ओरडले, मी परकी आहे, तुम्हीच सांगा त्याला. बायका कुंपणापलीकडेच उभ्या राहिल्या. एक म्हणाली, आजी, परकीला घरची शाल देता येते होय? तू घरचीच गं.

शाल काढायला थडग्याशी गेले. दगड सरकलेला. आत आई. दुसरं कोणी—

मंगळवार

उशीत. ऊन आहे, लख्ख ऊन, आणि उशीत—

आता कपाळावर. हळूच. तीनदा. थांबलं. ऐकतंय, आत काय—