चिरलेलं फळ

५ फेब्रुवारी, गुरुवार

आले आणि गेले. पाय दुखायलेत, डोकं त्याहून जास्त.

आमची प्रज्ञा आणि अमोल गुलबर्ग्याला एकाच कॉलेजात शिकवतात. दोघांचं जमलंय, हे आता लपलेलं न्हाई. आज दोन्ही घरं पहिल्यांदा समोरासमोर. अमोलच्या वडिलांना सगळे अप्पा म्हणतात, आईला अक्का. अफजलपूरकडचं पाटील घराणं, उसाचं रान, दर पौर्णिमेला गाणगापूर. आपण बौद्ध. हे कुणी उच्चारलं न्हाई आणि कुणी विसरलंही न्हाई.

पहाटेपासून राबले. पुऱ्या, बटाट्याची भाजी, मसालेभात, शिरा. पानं वाढायला घेतली तर अप्पांनी हात जोडले. "सिस्टर, माफ करा. आज गुरुवार, दत्ताचा उपास हाय."
साबुदाणा करते म्हणलं. "कशाला तरास? फळ चालतंय की." टेबलावरचं केळं उचललं, सोललं, खाल्लं. अक्कांनी पुरीचा कोपरा मोडला. "प्रवासात पोट बिघडतंय माझं." अमोल तेवढा जेवला, दोनदा भात मागून.

शिरा ढीगभर उरलाय. हे म्हणाले, माणसं चांगली हायत. असतील.

६ फेब्रु.

वॉर्डात इंजेक्शन भरताना डोक्यात आलं. गुरुवार ठरवला कुणी? आपण रविवार म्हणलो होतो. सगळ्यांना सुट्टी. अप्पांनीच "गुरुवार चांगला वार" म्हणून बदलून घेतला. ज्याला जेवायचं असतं तो उपासाच्या दिवशी पाहुणा जातो का?

ह्यांना सांगितलं. हे बस डेपोत मेकॅनिक, इंजिनाची खोड आवाजावरून कळते, माणसाची कळत न्हाई. म्हणाले, "तुला जिथं तिथं पू दिसतो. दवाखान्याची सवय."

आईची आठवण आली. मालकाच्या बागेत पेरू तोडायला जायची. तिनं तोडलेले पेरू मालकीण तिच्याच पाटीतून उचलायची, धुवायची पण न्हाई. एकदा मालकाचं लेकरू रडायलं म्हणून आईनं एक पेरू चिरून, मीठ लावून दिला. मालकिणीनं लेकराच्या हातावर फटका मारून तो खाली पाडला. आई सांगायची, अख्खं फळ झाडाचं असतंय, चिरलं की चिरणारीचं. आणि मीठ लागलं की संपलं, ते अन्न झालं.

माझ्या हातचं सलाईन मात्र सगळ्यांच्या अंगात जातं. त्यात बी मीठच असतंय.

८ फेब्रु., रविवार

प्र. घरी आलेली. तिला सांगितलं तर भडकली. "मम्मी, म्हातारं माणूस उपास करतंय, त्यात बी तू जात शोधायलीस?"
पुढची भेट १९ ला, साखरपुड्याचं बोलायला. कॅलेंडर बघितलं. परत गुरुवार! मला हसूच आलं.
"कामून हसायलीस?"
काय न्हाई म्हणलं.

ठरवलं. उपासाला फळ चालतंय ना? मग फळच करते. पण चिरून. वरून लिंबाचा रस, मिरेपूड आणि सैंधव, म्हणजे उपासाचंच मीठ. अप्पांना शुगर हाय, म्हणून साखर न्हाई, दूध न्हाई. एक पळवाट उघडी ठेवायची न्हाई.

१४ फेब्रु., शनिवार

करून बघितलं. फजिती! पपई, खरबूज, मोसंबी, सफरचंद, द्राक्षं, डाळिंब. लिंबू-मिठाचं पाणी घोळून लगेच ओतून ठेवलं आणि कपडे वाळत घालायला गेले. येऊन बघते तर सगळं पाण्यात तरंगायलंय, पपईचा लगदा. ह्यांनी चमचा घालून वर उचललं. "हे काय, पेशंटचं?" ह्यांच्या लेखी फ्रूट सॅलड म्हणजे लग्नातलं पिवळं कस्टर्ड.

ध्यानात ठेवायचं: मिठाचं पाणी आयत्या वेळी, वाटीत घालायच्या आधी. पपई करकरीत, फार पिकलेली न्हाई. सफरचंद चिरल्या चिरल्या लिंबात, न्हाईतर काळं पडतंय. मोसंबीची साल-बिया काढून नुसता गर. पुदिना हातानंच तोडायचा. द्राक्षं अख्खी ठेवू का अर्धी? अर्धी करते. अख्खं काहीच नको.

१८ फेब्रु.

बाजारात गेले. रमजान आलाय, फळांचे भाव चढलेत. नेहमीच्या फळवाल्यानं पपई ठोकून दिली. "सिस्टर, ये लेको जाव, कल कू एकदम बराबर. मेहमान आ रै क्या?"
मी म्हणलं, "इम्तहान आ रा."
तो हसला. त्याला काय कळायचं.

घरी आले तर हे भिंतीकडं बघत उभे. "फोटो तेवढे आतल्या खोलीत लावायचे का उद्यापुरते?" डोकं ठिकाणावर हाय का म्हणलं. मनानं वाईट न्हाईत. पोरीच्या लग्नाला विघ्न नको एवढंच.

१९ फेब्रु., गुरुवार

लिहू का नको असं झालंय. लिहिते.

आले. अप्पांनी येताना केळ्यांची फणी आणली होती. मी आत गेले, मिठाचं पाणी घातलं, अलगद हलवलं, काचेच्या वाट्यांत भरलं. दिसायला तर असं झालतं की मलाच खावं वाटलं.
"लई छान दिसतंय," अप्पा म्हणाले.
मी म्हणलं, "सैंधव घातलंय अप्पा. उपासाला चालतंय. साखर पण न्हाई."
"व्हय व्हय. ठेवा तिथं. घेतो."

आणि बोलणं सुरू. ऊस, कारखाना, भीमेचं पाणी. बोलता बोलता अप्पांनी स्वतः आणलेल्या फणीतलं एक केळं तोडलं, सोललं, खाल्लं. माझी वाटी गुडघ्याजवळ तशीच. डाळिंबाचा रंग हळूहळू पपईला लागायला. मी तेवढंच बघत बसलेले. अक्कांनी एकदा नवऱ्याकडं बघितलं, मान खाली घातली आणि आपली वाटी भराभर संपवली. मग अमोलनं हात लांब करून बापाची वाटी उचलली, खाऊन टाकली. "अप्पांना आंबट चालत न्हाई, मावशी."

अप्पांचा राग आला, पण त्याहून अमोलचा आला. त्याला कळलं होतं. वाटी रिकामी केली म्हणजे झालं का रे बाबा? आयुष्यभर बापाच्या वाट्या खात बसणार?

२० फेब्रु.

भांडण. प्र. म्हणते त्यांना खरंच आंबट चालत न्हाई. मी म्हणलं, झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करता येत न्हाई. ती म्हणाली कुणाला म्हणायलीस, त्यांना का मला? न जेवता गुलबर्ग्याच्या गाडीत बसली.

२४ फेब्रु., मंगळवार

दुपारी अक्कांचा फोन.
"ताई, ते लिंबाचं पाणी कसं केलतं ओ?"
सगळं सांगितलं. मीठ आयत्या वेळी, ते पण. बाई खूश. "तरीच! परवा घरी करून बघितलं तर पाणीच पाणी झालं. पण ह्यांनी दोन वाट्या खाल्ल्या. आणखी हाय का म्हणले."
विचारलं, "लिंबू किती पिळलं होतं?"
"दोन अख्खी."
"आंबट लागलं न्हाई त्यांना?"
आवाज बारीक करून, "ताई, मी तुमच्याकडं खाल्लं. बघितलंत न्हवं?"
व्हय, बघितलं म्हणलं. फोन ठेवला आणि रडले. तेच फळ, तेच मीठ, तेच लिंबू. हात तेवढा दुसरा. ह्या बाईवर रागवता पण येईना.

२८ फेब्रु.

प्र.ला सांगू का नको? सांगितलं तर पोरीचं लग्न माझ्या हातानं मोडल्यासारखं. न सांगावं तर डोळे झाकून तिला त्या घरात ढकलल्यासारखं. ह्यांना विचारलं. म्हणाले, "एका वाटीसाठी लग्न मोडतंय का कुणी?" वाटीसाठी न्हाई हो. वाटीसाठी न्हाई.

१ मार्च, रविवार

प्र.ला सांगितलं. घरी आलेली, लसूण सोलत होती. हात थांबले.
"दोन वाट्या?"
"अक्काच म्हणाल्या."
उठून गच्चीवर गेली. बराच वेळ फोनवर. खाली आली तेव्हा डोळे लाल, पण आवाज नीट. "साखरपुड्याची तारीख धरायला त्यांना बोलावलंय. गुरुवार सोडून कुठला बी वार म्हणलं. शुक्रवार ठरलाय. ह्या वेळी फळं मी चिरणार. आत न्हाई, त्यांच्या पुढ्यात बसून."
"आणि न्हाई खाल्लं तर?"
"मग तारीख न्हाई."
अमोल काय म्हणाला विचारलं. म्हणे, अप्पांना अवघडल्यासारखं होईल. "मी म्हणलं होऊ दे. माझ्या मम्मीला दोनदा झालंय."
इतके दिवस हेच ऐकायचं होतं मला. आणि ऐकल्यावर वाटलं, सांगितलंच नसतं तर बरं.

४ मार्च

मीच काडी लावली आणि आता मीच पाणी शोधायलेय. अमोल गुणाचा पोरगा. प्र. आजारी होती तेव्हा डबा घेऊन रोज तिच्या खोलीवर जायचा. असा पुन्हा मिळंल का? ती हसते तेव्हा त्याचाच फोन असतो, मला काय कळत न्हाई?

फोनवर तिला म्हणलं, "बाई, राहू दे. म्हातारं माणूस, दहा वर्षांत आपोआप बदलंल. तू कशाला जीव पणाला लावायलीस?"
ती म्हणाली, "मम्मी, उद्या मला लेकरू झालं. तू त्याला पपई भरवलीस. आणि त्यानं त्याच हातानं एक फोड अप्पांच्या तोंडाजवळ नेली. तर अप्पा तोंड उघडतील का मिटतील?"
तीच पुढं म्हणाली,
"ते मला लेकराच्या देखत कळायला नको. आत्ता कळू दे."
माझ्या पोटी कुठून आली ही पोर? मला एवढी हिंमत असती तर पहिल्याच गुरुवारी विचारलं असतं.

५ मार्च

अप्पांना फोन करावा वाटायलंय. उद्या एक फोड खा बाबा, माझ्या पोरीसाठी खा. नंबर काढला, ठेवला. परत काढला. भीक मागून खाल्लेलं काय कामाचं? न्हाई केला.

प्र. संध्याकाळी आली. दोघींनी मिळून पुदिना निवडला. लग्नाचं एक अक्षर बोललो न्हाई. तिच्या कॉलेजातल्या कुणाची तरी नक्कल करून दाखवली तिनं, दोघी हसलो. हे पण हसले, काय झालं ते न कळता.

६ मार्च, शुक्रवार, सकाळ

आत्ता अक्कांचा फोन आला. निघालेत, गुलबर्गा मागं टाकलं. आजूबाजूला ऐकू जाऊ नये असं बोलायल्या. "ताई, ह्यांनी सकाळपासून तोंडात काही घातलं न्हाई. चहा बी न्हाई."
"कामून? आज तर शुक्रवार."
"तेच विचारलं. काही बोलंनात, खिडकीतून बाहेर बघायलेत नुसतं. नवीन उपास धरलाय का तुमच्याकडं खायचं म्हणून भूक राखायलेत, माझ्यानं सांगवंना."
मी म्हणलं, सावकाश या.

प्र.ला सांगितलं न्हाई. पुढच्या खोलीत सतरंजी टाकून, विळी घेऊन बसलीय. मला विचारायली, आधी पपई घेऊ का खरबूज.