मुराळ्याने सुई शिकून यावे

ती. शालिग्रामभाऊंस,

धाकट्या कुंदाचा नमस्कार. चारुलतावहिनींचे गुडघे काय म्हणतात? मी ठणठणीत आहे. (हे वाक्य शेवटपर्यंत लक्षात ठेवावे.)

तुमचा निरोप पोचला, की तब्येत नाजूक, ऊन कडक, तेव्हा यंदा आखाजीच्या सणाला देवपूरला येऊ नकोस. भाऊ, मी येणार! लग्नानंतर एकही आखाजी माहेराबाहेर केलेली नाही. नरडाण्याच्या लग्नात जे झाले ते तुमच्या कानावर अर्धेच आले आहे, म्हणून पूर्ण ऐका.

मूत्रपिंडावरच्या माझ्या दोन ग्रंथींनी काम सोडलेय. शरीराला लागणारे स्टेरॉइड त्या करीत नाहीत, ते मी गोळीतून घेते. उलट्या लागल्या की गोळी पोटात टिकत नाही, मग इंजेक्शन लागते, तेही ताबडतोब. तर मांडवात वरण-बट्टीचा आग्रह झाला (आग्रह विहिणीचा, नाही कसे म्हणणार?) आणि पोट बिघडले. उलटीवर उलटी, हातपाय गार. बायकांनी कांदा हुंगवला, दृष्ट काढली, मिरच्यांच्या धुराने सगळा मांडव खोकला, मग कुठे मला दवाखान्यात नेले.

तिथे माझे थोरले दीर योगराजभाऊजी दारात आडवे! सलाईनला हरकत नाही, सलाईन म्हणजे त्यांना प्रसादच, दोन लावा म्हणाले. पण स्टेरॉइडचे नाव निघताच विष पाजायला निघाल्यासारखे ओरडले, "डाक्टर, ते इख शे! हाडं खाई टाकस!" डॉक्टर बिचारे सिरिंज भरून उभे. भाऊ, खरेच घाबरले होते मी, जीभ जड झाली होती. तरी ओरडले, "पहिले सुई टोचा, मंग भांडा!" टोचली. शिरेतून औषध गेले, मागून मिठाची सलाईन. संध्याकाळी उठून बसले आणि बट्टी उरलीय का विचारले. भाऊजी अजून दवाखानाभर सांगत फिरतात की सलाईननेच वाचली.

तेव्हा मला घरात डांबून काही होत नाही. सोबतच्या माणसाला सुई टोचता आली की झाले.

तुमची,
कुंदा

ता. क. इंजेक्शन देता येणारा माणूस सोबत असेल तरच प्रवास, असे डॉक्टर म्हणतात. मला माहेरी न्यायला येणारा मुराळी दरवर्षी तुम्हीच असता. सुई पाहून तुम्ही गोठ्यात लपायचात, ते विसरलेले नाही. पत्रासोबत केळी पाठवली आहेत, त्यांच्यावर सराव करा. (खाऊन टाकू नका.)

आणखी एक. न्यायला माझ्या सासरी पहूरला जाऊ नका, मी अजून नरडाण्याच्या दवाखान्यातच आहे. अक्षर वाकडे आहे ते डाव्या हाताचे, उजव्याला सलाईन आहे. घरी न्यायला नवरा, दीर, सगळे तयार बसलेत. आखाजीला मात्र भाऊच लागतो.