जोडप्याची जागा

रविवार, संध्याकाळ

आज लोह्याच्या माळावर पहिल्यांदाच एकटा गेलो. एरवी लग्नाआधीचे फोटो काढायला जोडप्यांना घेऊन जातो. त्यांच्या तळहातावर मावळता सूर्य बसवायचा, नवरीचा चेहरा उजळावा म्हणून कॅमेऱ्यात उजेड वाढवायचा. मागचं आभाळ पांढरंफटक पडतं, पण त्याचं कुणाला काय. आज फक्त आभाळच टिपायचं होतं, लालभडक.

घरी येऊन बायकोला फोटो दाखवले. तिनं बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, "इथं मधी कोन उभं राहनार हाय?"

प्रत्येक फोटोत दोन माणसांपुरती जागा मोकळी. आणि आभाळ पांढरंफटक. चेहरा नव्हताच, तरी उजेड वाढवला मी. म्हणजे आजही एकटा गेलोच नव्हतो.